डाउनटाइम म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्याच्या रिपोर्टमध्ये, सर्व्हरच्या नोटिशीत, फोनच्या सेटिंगमध्ये आणि 'जरा डाउनटाइम हवा' असं म्हणणाऱ्या मित्राच्या तोंडी एकच शब्द येतो, पण अर्थ प्रत्येक ठिकाणी थोडा सरकतो. हे प्रश्न सतत विचारले जातात. आधी शब्दाचे आणि मोजणीचे प्रश्न आहेत, अडचणीचे अपवाद पुढे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डाउनटाइम म्हणजे नेमकं काय?

एखादी गोष्ट ज्या वेळात चालू असायला हवी होती, त्या वेळात ती जितका काळ बंद राहिली तो काळ म्हणजे डाउनटाइम. व्याख्येतला 'चालू असायला हवी होती' हा भाग सोडला की पुढचं सगळं गणित चुकतं. रात्री कुलूप लावून बंद ठेवलेलं मशीन डाउनटाइममध्ये नसतं, कारण रात्री ते चालावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. तेच मशीन सकाळच्या पाळीत बंद पडलं की डाउनटाइम सुरू होतो.

इंग्रजीत 'डाउन' म्हणजे यंत्र किंवा यंत्रणा बंद. माणसाच्या विश्रांतीसाठी हा शब्द नंतर वापरात आला. माणसाच्या बाबतीत अर्थ थेट उलटा होतो: यंत्राचा डाउनटाइम म्हणजे नुकसान आणि माणसाचा डाउनटाइम म्हणजे कामातून मोकळं होऊन सावरण्याचा वेळ. दोन्ही अर्थ आज सर्रास चालतात.

२. मराठीत कोणता शब्द वापरायचा?

कुठे वापरायचा आहे त्यावर ठरवा. तांत्रिक रिपोर्टमध्ये 'डाउनटाइम'च ठेवा, वाचणाऱ्याला तोच ओळखीचा असतो. सर्वसामान्य ग्राहकासाठी लिहिताना 'सेवा बंद राहील', 'मशीन बंद होतं' असं सरळ लिहिलेलं उत्तम. 'खोळंबा' हा शब्द लोकांची कामं अडून राहिली हे सांगायला चांगला आहे, पण मोजमापाला तो सैल पडतो.

माणसाच्या अर्थाने मराठीत शब्दांची कमतरता नाही. कामाच्या रगाड्यात श्वास घेण्यापुरता मिळालेला वेळ म्हणजे उसंत. एखादं काम करण्यापुरता वेळ हाताशी असणं म्हणजे सवड. फावला वेळ म्हणजे कामं उरकून उरलेला, आणि विसावा म्हणजे थकल्यावर घेतलेली विश्रांती. डाउनटाइम या अर्थाने उसंत आणि विसावा यांच्या सर्वांत जवळ जातो. 'डाउनटाइम' आणि 'डाऊनटाईम' अशी दोन्ही लेखनं दिसतात. एका मजकुरात एकच ठेवा.

३. इंग्रजी वाक्यात हा शब्द कसा वापरायचा?

तो नाम आहे, जोडून एकच शब्द लिहितात, आघात पहिल्या अवयवावर. माणसाच्या अर्थाने तो बहुतेक वेळा न मोजता येणाऱ्या नामासारखा चालतो, म्हणून 'आय नीड अ डाउनटाइम' खटकतं. 'आय नीड सम डाउनटाइम' बरोबर. तांत्रिक लेखनात 'अ डाउनटाइम ऑफ थ्री अवर्स' चालतं आणि अनेकवचनही दिसतं.

'स्वतःच्या मोकळ्या वेळात' म्हणायचं असेल तर 'इन माय डाउनटाइम'. यंत्रणेबद्दल 'ड्युरिंग द डाउनटाइम'. यंत्र बंद आहे हे सांगायला मात्र नाम वापरत नाहीत. 'द सर्व्हर इज डाउनटाइम' ही चूक फार दिसते. तिथे नुसतं 'द सर्व्हर इज डाउन' हवं. विरुद्धार्थी शब्द 'अपटाइम'. माणसासाठी अपटाइम म्हणत नाहीत.

४. डाउनटाइम आणि आयडल टाइम एकच ना?

नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की चुकीच्या विभागाला जाब विचारला जातो.

डाउनटाइममध्ये यंत्र चालू शकत नाही: बेअरिंग गेलं, सेन्सर बिघडला, वीज गेली. आयडल टाइममध्ये यंत्र धडधाकट असतं, पण त्याला काम मिळत नाही: माल आला नाही, ऑपरेटर नाही, पुढचं स्टेशन भरलेलं आहे. पहिल्याचा उपाय देखभाल विभागाकडे, दुसऱ्याचा नियोजन, स्टोअर किंवा मनुष्यबळाकडे.

काही कारखान्यांत दोन्ही वेळ 'डाउनटाइम' याच रकान्यात भरतात आणि कारणाचा कोड वेगळा देतात. तेही चालतं, अट एवढीच की कोड भरला गेला पाहिजे. 'इतर' हा कोड सगळ्यांत जास्त वेळा आलेला दिसला तर तो तक्ता निर्णयाला उपयोगी नाही.

कॉम्प्युटरमध्ये 'आयडल' म्हणजे प्रोसेसरकडे त्या क्षणी काम नाही. ती पूर्ण निरोगी अवस्था आहे, तिचा बिघाडाशी संबंध नाही.

५. फ्री टाइम, स्पेअर टाइम, लेझर आणि डाउनटाइम यांत फरक काय?

फ्री टाइम हा सर्वांत व्यापक शब्द, कसलंही बंधन नसलेला वेळ. स्पेअर टाइम म्हणजे कामं करून उरलेला वेळ, त्यात लोक छंद जोपासतात किंवा जोडधंदाही करतात. लेझर म्हणजे आवडीने काही करण्याचा वेळ: पोहणं, वाचन, खेळ. डाउनटाइममध्ये भर थांबण्यावर आहे. दोन कामांच्या मध्ये किंवा धावपळीच्या दिवसांनंतर काही साध्य करायचं नाही असा वेळ.

म्हणून शनिवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा किल्ला चढून येणं लेझर आहे, रविवारी लोळत पडणं डाउनटाइम आहे. काहीजण आपला डाउनटाइम ऑनलाइन कोर्सने भरतात आणि थकवा जात नाही म्हणून गोंधळतात. कोर्स चांगलाच आहे, पण त्यात विश्रांती झालेली नसते. डोकं कामाकडून पूर्ण सुटणं ही माणसाच्या डाउनटाइमची अट आहे. हातात कामाचा फोन धरून, दर पाच मिनिटांनी मेसेज पाहत बसलेला तास त्यात धरू नये.

६. नियोजित आणि अनियोजित डाउनटाइम म्हणजे काय?

आधी ठरवून, कळवून बंद ठेवलं तर नियोजित: तेल बदलणं, सॉफ्टवेअर अपडेट, वार्षिक शटडाउन. अचानक बंद पडलं तर अनियोजित, यालाच कारखान्यात ब्रेकडाउन म्हणतात.

खरा वाद हद्दीवर होतो. दोन तासांचं नियोजित काम साडेतीन तास लांबलं तर? ठरलेले दोन तास नियोजित, वरचा दीड तास अनियोजित. आणि 'मशीनमधून आवाज येतोय, आत्ताच थांबवून बघू' असं म्हणून पाळीच्या मध्येच थांबवलं तर? ते अनियोजितच, निर्णय कितीही शहाणपणाचा असला तरी. नियोजित म्हणायला थांबण्याची वेळ उत्पादनाचा आराखडा करतानाच धरलेली असावी लागते. ही ओळ सैल सोडली तर महिन्याअखेरीस सगळे ब्रेकडाउन 'नियोजित' होऊन बसतात.

७. मशीनचा डाउनटाइम कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे कसं ठरवायचं?

सुरुवात: शेवटचा चांगला नग बाहेर पडला तो क्षण. शेवट: दुरुस्तीनंतर पहिला चांगला नग बाहेर पडला तो क्षण. तक्रार नोंदवल्याची वेळ सुरुवात म्हणून धरू नका आणि फिटरने 'झालं' म्हटल्याची वेळ शेवट म्हणून धरू नका.

एका थांब्याची नोंद अशी दिसावी:

१०:१२ मशीन थांबलं
१०:२० देखभाल विभागाला कळवलं
१०:४५ फिटर पोचला
११:०५ कारण सापडलं, बेअरिंग गेलं
१२:१० स्टोअरमधून बेअरिंग हातात आलं
१२:४० बसवून झालं
१२:५५ ट्रायल होऊन पहिला चांगला नग

एकूण डाउनटाइम १६३ मिनिटं. त्यात बेअरिंग बसवायला लागली फक्त ३० मिनिटं. ६५ मिनिटं सुटा भाग मिळेपर्यंत गेली, २५ मिनिटं फिटरची वाट पाहण्यात. नुसता '१६३ मिनिटं, बेअरिंग' असा आकडा लिहिला असता तर पुढच्या बैठकीत फिटरने हात वेगाने चालवावा अशी चर्चा झाली असती. प्रत्यक्षात ते बेअरिंग मशीनजवळच्या कपाटात ठेवलं तर तासाभराचा वेळ वाचतो. म्हणून प्रत्येक मोठ्या थांब्याला किमान चार वेळा लिहून घ्या: थांबलं, माणूस आला, कारण कळलं, चांगला नग निघाला. सुट्या भागाची वाट पाहावी लागली असेल तर तो हातात आल्याची वेळ पाचवी.

वेळ त्याच क्षणी लिहायची. पाळी संपताना आठवून भरलेल्या वहीत सगळे थांबे १०, १५ आणि ३० मिनिटांचे निघतात.

८. चहा-जेवणाची सुट्टी डाउनटाइममध्ये धरायची का?

आराखड्यात ती वेळ आधीच वगळली असेल तर नाही. ८ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० वजा केली की नियोजित उत्पादन वेळ ४३० मिनिटं. त्यात मशीन ४३ मिनिटं बंद राहिलं तर चालू वेळ ३८७ आणि उपलब्धता, म्हणजे नियोजित वेळेपैकी मशीन चालू राहिल्याचं प्रमाण, ३८७ ÷ ४३० = ९०%.

हाच चालू वेळ ४८० ने भागला तर ८०.६% येतो. एका युनिटने पहिली पद्धत आणि दुसऱ्याने दुसरी वापरली की तुलना निरर्थक ठरते. रिपोर्टच्या माथ्यावर 'पाया: ४३० मिनिटं' असं छापून ठेवा. सुट्टीतही मशीन चालू ठेवण्याची पद्धत असेल, म्हणजे माणसं आळीपाळीने जात असतील, तर ती सुट्टी वगळायची नाही.

९. साचा किंवा डाय बदलायला लागलेला वेळ कुठे टाकायचा?

त्याला चेंजओव्हर किंवा सेटअप म्हणतात आणि तो उपलब्धतेतून वजाच करायचा. 'हे तर करावंच लागतं' म्हणून तो आराखड्यातून गाळला की तो कमी करायची इच्छाच कोणाला उरत नाही. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी याच वेळेवर काम करून 'एसएमईडी' पद्धत मांडली. तिचं उद्दिष्ट साचा बदल १० मिनिटांच्या आत, म्हणजे एक आकडी मिनिटांत, आणणं. मुख्य कल्पना साधी आहे: मशीन चालू असतानाच करता येतील ती कामं (नवा साचा जवळ आणणं, बोल्ट-पाने मांडून ठेवणं, साचा आधीच तापवणं) थांबण्याच्या वेळातून बाहेर काढायची.

मोजणी इथेही चांगल्या नगापासून चांगल्या नगापर्यंत, प्रश्न ७ प्रमाणे. साचा बसवल्यावर सेटिंग जुळेपर्यंत जे खराब नग निघतात तो वेळही यात येतो.

१०. एक-दोन मिनिटांचे छोटे थांबे मोजायचे का?

मोजायचे, पण वेगळ्या रकान्यात. सेइची नाकाजिमा यांनी रुजवलेल्या टीपीएम या देखभालीच्या पद्धतीत ओईई (यंत्राची एकूण परिणामकारकता) हा आकडा उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता या तिघांच्या गुणाकारातून निघतो. छोटे थांबे त्यात सहसा वेगाच्या नुकसानात धरतात, उपलब्धतेच्या नाही. हद्द किती मिनिटांची हे प्रत्येक ठिकाणी ठरवतात, बरेचदा पाच मिनिटं. हद्द कोणतीही घ्या, मध्येच बदलू नका.

दुर्लक्ष का करू नये? नग अडकला, ऑपरेटरने हाताने काढला, ४० सेकंद गेले. पाळीत असं ६० वेळा झालं तर ४० मिनिटं गेली, आणि वहीत एकही नोंद नाही. हे पकडायला हाताने लिहिण्याऐवजी मशीनच्या काउंटरवरून नोंद घ्या.

११. एमटीबीएफ आणि एमटीटीआर डाउनटाइमशी कसे जोडलेले आहेत?

एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी चालू वेळ. एमटीटीआर म्हणजे पूर्ववत व्हायला लागणारा सरासरी वेळ. महिन्यात मशीन ४०० तास चालायचं होतं, ५ वेळा बिघडलं, मिळून २० तास बंद राहिलं. चालू वेळ ३८० तास. एमटीबीएफ ३८० ÷ ५ = ७६ तास, एमटीटीआर २० ÷ ५ = ४ तास. उपलब्धता ७६ ÷ (७६ + ४) = ९५%.

दोन्ही आकडे लागतात, कारण ९५% दोन प्रकारे येऊ शकते. महिन्यातून एकदा २० तास बंद, किंवा ४० वेळा अर्धा-अर्धा तास बंद. पहिल्यात सुटे भाग आणि पर्यायी यंत्र यांकडे बघायचं, दुसऱ्यात बिघाडाच्या मुळाकडे. एमटीटीआरमधल्या 'आर'चा अर्थ काहीजण फक्त हातातली दुरुस्ती घेतात, काहीजण वाट पाहण्यासकट. प्रश्न ७ मधल्या थांब्यासाठी तो आकडा ३० निघेल की १६३, हे त्यावर ठरतं. वाट पाहण्यासकट धरलात तरच वरचं उपलब्धतेचं सूत्र बरोबर चालतं.

१२. '९९.९% अपटाइम' म्हणजे वर्षात किती वेळ बंद?

३६५ दिवसांचं वर्ष म्हणजे ८,७६० तास. ३० दिवसांचा महिना म्हणजे ४३,२०० मिनिटं. त्यावरून:

९९% : वर्षाला ८७.६ तास, महिन्याला ७.२ तास
९९.९% : वर्षाला सुमारे ८ तास ४६ मिनिटं, महिन्याला ४३.२ मिनिटं
९९.९९% : वर्षाला ५२.६ मिनिटं, महिन्याला ४ मिनिटं १९ सेकंद
९९.९९९% : वर्षाला ५ मिनिटं १५ सेकंद, महिन्याला २६ सेकंद

प्रत्येक पुढचा ९ डाउनटाइम दहा पटीने कमी करतो आणि खर्चही झपाट्याने वाढवतो. पाच नऊच्या पातळीवर माणसाने फोन उचलून लॅपटॉप उघडेपर्यंत वर्षाचा कोटा संपतो, म्हणजे तिथे दुरुस्ती आपोआपच व्हावी लागते. लहान संस्थेच्या माहितीपर वेबसाइटला ९९.९% पुरेसं आहे. त्यापुढे पैसे घालण्याआधी बॅकअप परत चढवून बघा, तो चालतो का याची खात्री जास्त मोलाची आहे.

१३. सर्व्हर चालू होता, पण लोकांना साइट उघडत नव्हती. याला डाउनटाइम म्हणायचं का?

हो. वापरणाऱ्याला सेवा मिळाली का, हाच निकष. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. त्यांची सर्व्हरची फौज जळालेली नव्हती. नेटवर्कच्या नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडमुळे डेटा सेंटरना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं आणि पाठोपाठ इंटरनेटला त्यांचा पत्ता सांगणारे मार्गच नाहीसे झाले. यंत्रं चालू, रस्ता बंद.

अर्धवट बिघाड जास्त अवघड. साइट उघडते पण पैसे भरता येत नाहीत, किंवा दहापैकी तिघांनाच त्रुटी दिसते. यासाठी वेळेऐवजी विनंत्या मोजा: यशस्वी विनंत्या भागिले एकूण विनंत्या. तासाभरात १ लाख विनंत्या आल्या आणि ३० हजार फसल्या तर त्या तासाची उपलब्धता ७०%. साइट एका पानाला ४० सेकंद घेत असेल तर तीही बंदच समजा, लोक तोवर थांबत नाहीत. किती सेकंदांपुढे 'फसली' म्हणायचं, ते आधी लिहून ठेवा.

१४. बिघाड दुरुस्त झाला म्हणजे डाउनटाइम संपला ना?

दोष काढणं आणि सेवा पूर्ववत होणं यांत मोठं अंतर असू शकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. ते अपडेट कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतलं. पण आधीच बंद पडलेले कॉम्प्युटर नवं अपडेट घ्यायला चालूच होत नव्हते. बहुतेक ठिकाणी माणसाने प्रत्येक कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करून अपडेटची सदोष फाइल काढायची होती. दोषाचं आयुष्य ७८ मिनिटं, पण अनेक ठिकाणचा डाउनटाइम काही दिवसांचा.

रिपोर्टमध्ये म्हणून दोन वेळा द्या: 'कारण दूर झालं' आणि 'शेवटच्या वापरकर्त्याला सेवा मिळाली'.

१५. साइट बंद होती, तरी सेवा देणाऱ्या कंपनीच्या करारात तो डाउनटाइम का दिसत नाही?

करारात, म्हणजे एसएलएमध्ये, डाउनटाइमची व्याख्या कंपनी स्वतः करते. चार गोष्टी शोधून वाचा.

नियोजित देखभाल वगळली आहे का, आणि किती आधी कळवायचं बंधन आहे. मोजणी महिन्याची की वर्षाची: ९९.९% महिन्यावर असेल तर ४० मिनिटांचा बंद ४३.२ मिनिटांच्या आत बसतो, म्हणजे करार मोडलाच नाही. ठरावीक मिनिटांपेक्षा लहान खंड सोडून दिले आहेत का. आणि मोजतं कोण: त्यांची तपासणी दर ५ मिनिटांनी होत असेल तर मधला ४ मिनिटांचा खंड कोणालाच दिसणार नाही.

भरपाई सहसा पुढच्या बिलातल्या सवलतीच्या रूपात असते आणि ती मुदतीत मागावी लागते. तुमच्या धंद्याचं झालेलं नुकसान त्यात भरून निघत नाही. दर मिनिटाला तपासणारी स्वतःची बाहेरची यंत्रणा ठेवा, मागणी करताना पुरावा तोच.

१६. दोन सर्व्हर ठेवले तर डाउनटाइम शून्य होईल?

कागदावर फार कमी होतो. प्रत्येकी ९९.९% असलेले दोन सर्व्हर एकमेकांना पर्याय असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.००१ × ०.००१, म्हणजे उपलब्धता ९९.९९९९%, वर्षाला सुमारे ३२ सेकंद. पण हे गणित दोघांचे बिघाड स्वतंत्र असतील तरच खरं. दोघांना एकच वीजजोडणी, एकच स्विच किंवा एकाच वेळी दिलेलं एकच सदोष अपडेट असेल तर दोघं बरोबरच जातात. शिवाय एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं जायला लागणारे सेकंद वेगळेच.

उलट, साखळीत उपलब्धता घटते. वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पेमेंट सेवा प्रत्येकी ९९.९%, आणि तिन्ही लागतातच, तर एकूण ९९.७%. वर्षाला २६ तासांहून थोडं जास्त. बाहेरची एखादी सेवा जोडताना हा हिशेब जरूर मांडा.

१७. देखभालीसाठी वेबसाइट बंद ठेवायची आहे. काय काळजी घ्यावी?

बंद असताना सर्व्हरने ५०३ ('सेवा तात्पुरती बंद') हा कोड द्यावा, सोबत उत्तरातल्या 'रिट्राय-आफ्टर' या सूचनेत (हेडरमध्ये) किती वेळाने परत यायचं ते. 'देखभाल सुरू आहे' असं पान २०० ('सगळं ठीक') कोडने दिलं तर सर्च इंजिन तेच पान खरा मजकूर समजून नोंदवू शकतं. ४०४ ('पान सापडलं नाही') दिला तर पानं कायमची गेली असा अर्थ लागू शकतो. ५०३ सुद्धा दिवसेंदिवस ठेवू नका, लांबलं की पानं यादीतून गळू लागतात.

सूचनेत चार गोष्टी हव्यात: काय बंद, कधीपासून कधीपर्यंत, काय चालू राहील, अडचण आली तर काय करायचं. उदाहरणार्थ: 'शनिवारी रात्री ११:३० ते रविवारी पहाटे २:०० या वेळात ऑनलाइन अर्ज भरता येणार नाहीत. भरलेले अर्ज पाहता येतील. अर्धवट भरलेला अर्ज ११:१५ पर्यंत जतन करा.' नुसतं 'शनिवारी रात्री १२ वाजता' लिहू नका, कोणती मध्यरात्र याचा घोळ दर वेळी होतो. परदेशातले वापरकर्ते असतील तर टाइम झोनही लिहा. आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ जाहीर करा, मागे फिरायला लागणारा वेळ धरून.

१८. फोनच्या सेटिंगमधला डाउनटाइम काय करतो?

आयफोनमध्ये २०१८ च्या आयओएस १२ पासून 'स्क्रीन टाइम'मध्ये हा पर्याय आहे. ठरवलेल्या वेळात तुम्ही परवानगी दिलेली ॲप आणि कॉल तेवढे चालतात, बाकीची ॲप फिकी पडतात. सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी आठवण येते. फोन बंद होत नाही.

'लावला तरी मूल ॲप उघडतं' ही तक्रार फार येते. स्क्रीन टाइमचा वेगळा पासकोड ठेवलेला नसेल तर मर्यादा एका स्पर्शाने बाजूला सारता येते. पासकोड ठेवा, 'डाउनटाइमला अडवा' हा पर्याय सुरू करा, आणि 'नेहमी परवानगी' असलेल्या ॲपची यादी तपासा. मुलांसाठीच्या गूगल फॅमिली लिंकमध्येही याच नावाची सोय आहे.

१९. डॉक्टर किंवा दवाखान्यातले लोक 'डाउनटाइम' म्हणतात तेव्हा काय समजायचं?

तीन वेगळे अर्थ आहेत.

त्वचेच्या किंवा सौंदर्योपचारांत: लालसरपणा, सूज, खपल्या यांमुळे नेहमीच्या कामाला जाता येत नाही ते दिवस. 'डाउनटाइम आठवडा' म्हणजे आठवड्यात जखम पूर्ण भरते असं नाही. बसून करायचं काम, व्यायाम, ऊन आणि मेकअप या प्रत्येकासाठी किती दिवस, हे वेगवेगळं विचारा.

रुग्णालयाच्या कामकाजात: कॉम्प्युटरवरची नोंदप्रणाली बंद असण्याचा काळ. त्यासाठी कागदी फॉर्म आधीच छापून ठेवतात आणि प्रणाली सुरू झाल्यावर नोंदी परत भरतात.

आणीबाणीत: हृदय थांबल्यापासूनचा काळ. इथे शब्द धोकादायक रीतीने संदिग्ध आहे, कोणी छातीवर दाब सुरू होईपर्यंतचा काळ सांगतो, कोणी हृदय पुन्हा सुरू होईपर्यंतचा. म्हणून पहिल्याला 'नो-फ्लो' आणि दाब सुरू झाल्यापासून हृदय सुरू होईपर्यंतच्या काळाला 'लो-फ्लो' म्हणतात. कोसळल्याची वेळ आणि दाब सुरू केल्याची वेळ दोन्ही सांगता आल्या तर डॉक्टरांना मोठी मदत होते.

२०. खेळांमध्येही हा शब्द का येतो?

बोर्ड गेममध्ये आपली पाळी येईपर्यंत ताटकळण्याचा वेळ. खेळाडू वाढले की तो वाढतो. भूमिका वठवण्याच्या खेळांत दोन मोहिमांच्या मधला काळ, ज्यात पात्रं कला शिकतात, बरी होतात, वस्तू बनवतात.

२१. मशीन बंद असताना कामगार बसून राहिला. तो त्याचा डाउनटाइम झाला का?

मशीनचा डाउनटाइम, कामगाराची प्रतीक्षा. या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. मशीन कधीही सुरू होईल म्हणून तो जागा सोडू शकत नाही, लक्षही काढू शकत नाही. प्रश्न ५ मधली सुटकेची अट इथे पूर्ण होत नाही, म्हणून ही प्रतीक्षा विश्रांतीच्या खात्यात घालून त्याची ठरलेली सुट्टी कापणं चूक आहे.

हेच 'ऑन-कॉल' असलेल्या इंजिनिअरला लागू. रात्रभर फोन वाजला नाही तरी तो उशाशी चालू ठेवावा लागला. रात्री दोनदा उठावं लागलं असेल तर दुसऱ्या दिवशीची सुरुवात उशिरा ठेवा, आणि ऑन-कॉलचा आठवडा संपल्यावर फोन दुसऱ्याकडे गेल्याची वेळ लिहून नोंदवा. त्या वेळेपासून पुढेच त्याची विश्रांती मोजायची.